जुन्या साडीच्या पिशव्या : मशीन घेण्याआधी एक दिवस मोजून बघा



“मॅडम, घरात जुन्या साड्या पडल्यात. पिशव्या शिवून विकू का?” ठाण्याची बॅच असो की डोंबिवलीची, हा प्रश्न येतोच. माझं उत्तर असतं, जरूर विका. पण त्यासाठी नवी मशीन हप्त्यावर घेणार असाल, तर आधी एक अख्खा दिवस घरात बसून काम करून बघा. रविवार नको, मधला वार घ्या. जुनी मशीन, शेजारणीची मागून आणलेली मशीन, काहीही चालेल. सोबत वही आणि घड्याळ हवं.

दोन सुती साड्या काढा. सहावारी साधारण साडेपाच मीटर असते, पन्हा ४४-४५ इंच. तयार पिशवी १४ बाय १६ इंचांची धरली, तर शिवण आणि वरची दुमड धरून १५ बाय ३६ इंचांचा एक तुकडा लागतो, तो मधून दुमडायचा. पन्ह्यात असे दोन तुकडे बसतात, लांबीत सहा. म्हणजे बारा पिशव्या? नाही हो. वापरलेल्या साडीचं कापड विरलेलं असतं. दोन-तीन किलो कांदे घातले की शिवण टिकते, कापड फाटतं. म्हणून आतून त्याच साडीचं अस्तर द्यायचं. झाल्या सहा. त्यात निऱ्यांखाली घासलेला भाग आणि खांद्याला पिना लावून भोकं पडलेली जागा बाद करा. हातात येतात पाच. कापड उजेडासमोर धरून बघा, कुठे विरलंय ते लगेच दिसतं.

आता शिवताना एक पिशवी पूर्ण करून मग दुसरी, असं करू नका. आधी सगळं कापून घ्या, मग सगळे बंद शिवा, मग सगळ्यांच्या बाजू. दोरा एकदाच बदलायचा, इस्त्री एकदाच तापवायची. पहिली पिशवी एकटीच शिवून वेळ लिहा, बाकीच्या अशा गठ्ठ्याने शिवा आणि परत वेळ लिहा. फरक तुमच्याच वहीत दिसेल. कुकर लावायला उठलात, कुरियरवाल्याला दार उघडलं, तेही लिहा. रोजचं काम असंच होणार आहे.

संध्याकाळी हिशोब. समजा, दहा पिशव्यांना निव्वळ पाच तास लागले, म्हणजे एकीला अर्धा तास. तासाची मजुरी ८० रुपये धरली तर ४० रुपये झाले. दोरा, सुई, वीज मिळून ५. आणि साडी? “ती तर फुकट!” इथेच सगळे अडकतात. बोहारीण दारात आली की तुम्ही साडी फुकट देता का? स्टीलच्या पातेल्यासाठी घासाघीस करताच ना! म्हणजे साडीला भाव आहे. शिवाय घरातल्या दहा साड्या संपल्या की अकरावी विकतच आणावी लागेल. साडी ६० रुपयांची धरा, पिशवीमागे १२. एकूण ५७. (हे आकडे उदाहरणाचे. तुमचे तुम्ही घाला.)

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे कापडी पिशवीला गिऱ्हाईक आहेच, असं सगळे म्हणतात. पण भाजीवाला ५७ रुपयांची पिशवी घेऊन गिऱ्हाइकाला देणार नाही. तो बाजार आपला नाहीच.

आपला बाजार मला हळदीकुंकवात दिसतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोसायटी-सोसायटीत वाण लागतं, आणि तेही पंचवीस-पन्नासच्या हिशोबात. तिथे मोठी पिशवी महाग पडते. पण साडीतून तुकडे आणि बंद कापून झाले की एका काठाकडची साधारण आठ इंची पट्टी उरते. तिचे सात-आठ छोटे बटवे होतात. कापडाची किंमत पिशवीत आधीच वसूल झालेली. दहा मिनिटांची मजुरी १३-१४ रुपये, नाडी-दोऱ्याचे ५. काठ पुढे दिसेल असा शिवला तर तो ३५ ला आरामात मागता येईल असं मला वाटतं. म्हणजे जे ‘उरलंसुरलं’ म्हणून बाजूला टाकलं, त्यातच जास्त सुटतं. हे फक्त मोजल्यावर कळतं.

अडचण एकच, पन्नास बटवे एकसारखे देता येत नाहीत. ते लपवू नका. ऑर्डर घेतानाच सांगा, प्रत्येकीला वेगळा काठ मिळेल. बायका निवडायला बसतात, हळदीकुंकवाला तेवढीच मजा! ऑर्डर जानेवारीत धरून उपयोग नाही, नोव्हेंबरपासून नमुने दाखवायला लागा.

जीन्सचं काम करायचं असेल तर उल्हासनगर जवळच आहे, तिथे जीन्स शिवण्याचा मोठा धंदा आहे, कतरणीची चौकशी करा. घरच्या मशीनला १६ नंबरची सुई लावा आणि चार पदरी शिवणीवर चाक हाताने फिरवा. गोधडी मात्र या एका दिवसात घेऊ नका. हाताच्या धावदोऱ्याला किती दिवस जातात ते आजीला विचारा, आणि त्या मजुरीचा भाव देणारं गिऱ्हाईक आधी शोधा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पण तीही नंतर. आधी या दहा पिशव्या आणि पंधरा बटवे ओळखीबाहेरच्या लोकांना विकून बघा. मावशी आणि नणंद नाही म्हणत नाहीत, त्यांची खरेदी वहीत वेगळ्या पानावर लिहा.