किरकोळ जखम आणि पुढची काळजी

भगवान बुद्धांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. राजगृहाजवळ गृध्रकूट पर्वतावरून देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची लागून तथागतांच्या पायाला इजा झाली. वैद्य जीवकाने औषध लावून पट्टी बांधली व तो नगरातील दुसऱ्या रुग्णाकडे गेला. परत निघेपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले. पट्टी वेळेवर सुटली नाही तर रात्रभर दाह होईल, या काळजीने तो व्याकूळ झाला. इकडे तथागतांनी आनंदाकडून ती वेळीच सोडवून घेतली, असे धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितले आहे. पट्टी बांधली म्हणजे उपचार संपला नाही, हा बोध आम्ही यातून घेतो.

अमळनेर तालुक्यात आमचे कितीतरी बांधव शेतात व बांधकामावर राबतात. ज्वारी कापताना विळा लागतो, पायात काटा मोडतो, पत्रा कापतो. रोज बुडू नये म्हणून जखमेवर माती, शेण नाहीतर तंबाखू दाबून माणूस पुन्हा कामाला लागतो. परंतु शेणामातीतच धनुर्वाताचे जंतू असतात. त्याची लक्षणे साधारणपणे ३ ते २१ दिवसांत दिसतात. तोवर जखम वरून सुकलेलीही असू शकते.

म्हणून प्रथम हात धुवावेत. स्वच्छ कापड १० मिनिटे दाबून धरून रक्त थांबवावे. मग जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी. पट्टी रोज बदलावी; भिजली किंवा मळली तर लगेच. खपली ओढून काढू नये. जखम खोल किंवा मळकट असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन ५ वर्षे उलटली असतील, तर आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. लहान व स्वच्छ जखमेसाठी हीच मुदत १० वर्षांची आहे. पूर्वीच्या 'टीटी'ऐवजी आता 'टीडी' लस देतात. लाली पसरली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला तर घरी थांबू नये. मधुमेही व्यक्तीने तर पायाची लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी.

जखमेवर कातडी आली तरी आतली ताकद भरून यायला अनेक आठवडे लागतात. त्या काळात विश्रांती आणि डाळ, शेंगदाणे, अंडी असा आहार हवा. पण घरच्या बाईचा हात कापला तर तिला विश्रांती कोण देणार? हंडा दुसऱ्याने उचलला, भांडी मुलांनी घासली, तरच ती मिळेल. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः स्नान घातले, हे आम्ही विसरू नये. प्रत्येक विहारात प्रथमोपचार पेटी असावी व तिची देखभाल विद्यार्थ्यांनी करावी, एवढीच आमची विनंती.

सर्वांचे मंगल होवो!