विसरण्याच्या तऱ्हा

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकांचे दोन चित्रपट मराठी प्रेक्षकांच्या चांगले लक्षात आहेत. 2004 च्या 'देवराई'मध्ये अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया झालेला शेष उभा केला, तर 2013 च्या 'अस्तु'मध्ये मोहन आगाशे यांनी अल्झायमरने ग्रासलेले संस्कृतचे व्यासंगी अभ्यासक. या दोन आजारांकडे पाहताना आपल्या मनात सहसा दोन वेगळी खाती असतात. भास, संशय, तुटकपणा हे मनोविकाराचे खाते आणि विस्मरण हे म्हातारपणाचे. संशोधनाने मात्र ही वाटणी केव्हाच मोडीत काढली आहे. ऐकलेले नवे शब्द शिकणे आणि थोड्या वेळाने ते आठवणे ही क्षमता अल्झायमरमध्ये बिघडते, तशीच ती पार्किन्सन्स, अपस्मार, डोक्याला बसलेला मार, स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि नैराश्य यांतही बिघडते. मग इतक्या आजारांत आढळणाऱ्या तक्रारीवरून कळायचे काय? माझे उत्तर असे की, रुग्ण किती विसरतो यापेक्षा तो कसा विसरतो हे पाहिले, तर निदानाला, उपचाराला आणि घरच्यांच्या वागण्यालाही दिशा मिळते. नुसत्या गुणांकाने ती मिळत नाही.

स्मृती मोजता येते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने 1885 मध्ये दाखवून दिले. निरर्थक अक्षरजुळण्यांच्या याद्या स्वतःच पाठ करून त्या किती वेगाने पुसल्या जातात हे त्याने नोंदवले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वित्झर्लंडमधील आंद्रे रे याने शब्दयादीची चाचणी घडवली आणि ती आजही जगभर वापरली जाते. तिचे स्वरूप साधे आहे. परीक्षक सेकंदाला एक या गतीने पंधरा शब्द वाचतो. समजा कंदील, नदी, पाटी, घोडा असे. रुग्णाने आठवतील तेवढे, आठवतील त्या क्रमाने सांगायचे. तीच यादी पुन्हा वाचायची, पुन्हा विचारायचे, असे पाच वेळा. निरोगी तरुण पहिल्या खेपेला सहा-सात शब्द सांगतो आणि पाचव्या खेपेपर्यंत बारा-तेरावर पोचतो. मग दुसरीच यादी मध्ये घालून लगेच पहिली विचारायची आणि अर्ध्या तासाने, न वाचता, ती पुन्हा विचारायची. शेवटी मूळ शब्दांत नवे मिसळून 'हा यादीत होता का?' एवढेच विचारायचे. या शेवटच्या पायरीत खरी गोम आहे. धान्य कणगीत आलेच नाही, आले पण किडले, की आत आहे पण हाताला लागत नाही, या तीन वेगळ्या अडचणी इथे वेगळ्या दिसतात.

साठवणच कोलमडणे म्हणजे काय, हे हेन्री मोलायसन या अमेरिकी रुग्णामुळे जगाला कळले. फिट्स थांबवण्यासाठी 1953 मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली, पण नवी घटना काही मिनिटांपलीकडे टिकेना. स्कोव्हिल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांचा 1957 चा शोधनिबंध स्मृतिविज्ञानाचा पाया ठरला. मिल्नर यांनी पुढे दाखवले की, डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचे शब्दस्मरण घसरते. आजही अपस्मारावर शस्त्रक्रिया करण्याआधी शब्दयादी विचारतात ती याच कारणाने. अल्झायमरचा आजार हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागातून सुरू होऊन आत सरकतो, म्हणून त्याची खूणही तशीच असते. पाच खेपांत यादी फारशी वाढत नाही, सांगितले जातात ते बहुधा नुकतेच कानावर पडलेले शेवटचे शब्द, अर्ध्या तासाने जवळजवळ काहीच उरत नाही आणि यादीत नसलेले शब्दही 'हो, होता' म्हणून स्वीकारले जातात. आठवण करून देऊनही उपयोग होत नाही, कारण आठवायला आत काही उरलेलेच नसते.

पार्किन्सन्सच्या आणि हंटिंग्टनच्या आजाराच्या रुग्णांचे चित्र बऱ्याचदा निराळे असते. आपणहून आठवायला सांगितले तर तेही अडखळतात, पण शब्द समोर ठेवला की अनेकदा बरोबर ओळखतात. बिघाड साठवणीत कमी आणि शोधून काढण्यात जास्त असतो, कारण शोध घ्यायला लागणारे मेंदूच्या पुढच्या भागाचे आणि आतल्या गाभ्यांचे जाळे दुबळे झालेले असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तिसराच प्रकार आढळतो. या रुग्णांना यादी पूर्ण पाठ होईपर्यंत जास्त खेपा दिल्या, तर नंतर ते इतरांइतकीच टिकवतात, असे अभ्यास सांगतात. त्यांची अडचण आत घेण्याच्या वेगाची असते. म्हणजे एकाच 'मला आठवत नाही' या तक्रारीवर एका घरी आठवण करून देणे उपयोगाचे, दुसऱ्या घरी सावकाश आणि अनेकदा सांगणे, तर तिसऱ्या घरी स्मृतीवर भार न टाकता भिंतीवर लिहून ठेवणे.

मनोविकारांत हा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित राहिला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने ज्या आजाराचे वर्णन केले आणि ज्याला पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव मिळाले, त्यात स्मृती तुलनेने शाबूत असते असा समज दीर्घकाळ होता. 1998 मध्ये हाइनरिक्स आणि झाकझानिस या संशोधकांनी 204 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांच्यातली सर्वांत मोठी तफावत निघाली ती शब्दस्मरणातच. रुग्ण यादी हळू शिकतो, आणि भाज्या एकीकडे, कपडे एकीकडे अशी मनातल्या मनात जुळवाजुळव करत नाही. मात्र एकदा शिकलेले तो अल्झायमरच्या रुग्णासारखे झपाट्याने घालवत नाही. यावर पहिला आक्षेप येतो तो औषधांचा: हा सगळा गोळ्यांचा परिणाम नाही का? काही अंशी आहे. अँटिसायकोटिक औषधांनी हात थरथरतात म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी नवे शिकण्यात अडथळा आणते, आणि गरज संपल्यावरही ती वर्षानुवर्षे चालू राहिली तर रुग्ण नाहक मंदावतो. पण एकही गोळी न घेतलेल्या, आजाराच्या पहिल्याच झटक्यातल्या रुग्णांतही ही उणीव सापडली आहे, आणि सौम्य रूपात ती त्यांच्या निरोगी भावंडांतही दिसते. तेव्हा ती आजाराचाच भाग आहे. मानसशास्त्रज्ञ मायकेल ग्रीन यांनी 1996 पासून दाखवले त्याप्रमाणे, रुग्ण नोकरी टिकवेल का, स्वतंत्र राहील का, याचा अंदाज भासांपेक्षा अशा क्षमतांवरून अधिक येतो. 'आवाज थांबले, आता कामाला का लागत नाही?' असे विचारणाऱ्या आईवडिलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

नैराश्यात शब्दस्मरण घटते, पण ढासळत नाही. रुग्ण प्रयत्नच सोडतो, 'माहीत नाही' हे उत्तर वारंवार देतो, आणि ओळखायला सांगितले की बरेच ओळखतो. मनोविकारतज्ज्ञ लेस्ली किलोह याने 1961 मध्ये अशा 'खोट्या स्मृतिभ्रंशा'कडे लक्ष वेधले. आता त्याला खोटा म्हणणेही धाडसाचे ठरते, कारण उतारवयातले नैराश्य पुढील स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना असू शकते. बायपोलर आजारात मन स्थिर असतानाही शब्दस्मरणाची थोडी उणीव मागे राहते. तीव्र नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या विद्युतउपचारांबद्दलची भीती सर्वस्वी निराधार नाही, पण नवे शिकण्याची क्षमता बहुतेकांत काही आठवड्यांत पूर्ववत होते. उपचारांच्या आसपासच्या काळातील काही आठवणी मात्र कायमच्या जाऊ शकतात. आणि झोपेसाठी बिनदिक्कत घेतली जाणारी अल्प्राझोलामसारखी गोळी दुसऱ्या दिवशीचे शिकणे बिघडवते, हे घरोघरी माहीत असायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही रूपे पुस्तकात सुबक दिसतात, प्रत्यक्षात एकमेकांत मिसळतात. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांची शब्द ओळखण्याची क्षमताही बिघडते, आणि एकाच वृद्धात नैराश्य, मधुमेहाने झालेली रक्तवाहिन्यांची हानी आणि अल्झायमर एकत्र नांदतात. शिवाय आता एमआरआय आहे, अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड दाखवणारा स्कॅन आहे, रक्ताच्या चाचण्याही आल्या आहेत. मग पंधरा शब्दांची कटकट कशाला? चाचणी एकटी निदान करत नाही, हे मान्यच करायला हवे. पण स्कॅन मेंदूत काय साचले ते सांगतो. रुग्णाला औषधाची वेळ शिकवता येईल का, ते सांगत नाही. तिसरा आक्षेप घरातून येतो: 'आजीला अख्खी आरती येते, तीसचा पाढा येतो, मग तिची स्मृती गेली कशी?' फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओदुल रिबो याने 1881 मध्येच नोंदवले होते की, जुने टिकते आणि नवे आधी जाते. लहानपणी हजारदा घोकलेले पाठांतर शाबूत असणे हा स्मृती ठीक असल्याचा पुरावा नव्हे. सकाळी सांगितलेला पाहुण्याचा निरोप दुपारी उरतो का, हे विचारा.

आपल्याकडचा सर्वांत खरा अडसर भाषेचा आणि शिक्षणाचा आहे. शाळा न पाहिलेल्या शेतकरी बाईला इंग्रजीतून भाषांतरित, अनोळखी शब्दांची यादी देऊन 'कमी गुण' म्हणणे हा अन्यायच. 1990 च्या दशकात हरियाणातील बल्लभगडमध्ये निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदी चाचण्या नव्याने बांधल्या गेल्या त्या याच जाणिवेतून. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने भारतीय मापदंड तयार केले आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक भाषांतील चाचणीसंच उभारला. पण त्या संचाच्या सुरुवातीच्या पाच भारतीय भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम. त्यांत मराठी नव्हती. नागपूरचा निवृत्त शिक्षक, कोकणातली निरक्षर वृद्धा आणि घरी मराठी पण बाजारात कन्नड बोलणारा बेळगावकर यांना एकाच कोष्टकाने मोजता येणार नाही. वय, शिक्षण आणि बोली यांनुसार मराठीचे स्वतःचे मापदंड हवेत, आणि ते काम विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांच्या आवाक्यात आहे.

देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज आहे. मनोविकारांमुळे मंदावलेले तरुण त्यात धरलेलेच नाहीत. यांपैकी काहींची तक्रार बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा नको असलेली गोळी दूर केल्यानेही सुधारण्यासारखी असते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना पुनर्वसनाबरोबर दिलेल्या बौद्धिक प्रशिक्षणाने माफक पण खरा फायदा होतो, आणि चुकू न देता शिकवण्याची पद्धत स्मृती खालावलेल्या अनेकांच्या कामी येते. म्हणून घरातले कोणी विसरू लागले, मग ते ऐंशीचे असोत वा बावीसचे, तर वय झाले किंवा आळशी आहे असा निवाडा घरीच करू नका. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि शब्दस्मरणाची रीतसर चाचणी रुग्णाच्या रोजच्या भाषेत करून द्या, असे स्पष्ट मागा.