सुरीआधी सुई

ओठावर जांभळट, मऊ फुगवटा. वाकलं की फुगतो, दाबला की ओसरतो. दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणी दाखवतही नाही. मुखशल्यविशारद तो पाहतो तेव्हा आधी काचेची पट्टी मागतो. पट्टीखाली डाग फिका पडला, तर आत वाहतं रक्त आहे. बोटाला ठोका लागला, तर ते धमनीचं.

पूर्वी अशा सगळ्याच गाठींना सरसकट हिमॅन्जिओमा म्हणत. बॉस्टनच्या जॉन मलिकन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी 1982 मध्ये पेशी पाहून त्यांची दोन घराणी वेगळी केली. खरा हिमॅन्जिओमा तान्ह्या बाळात झपाट्याने वाढतो आणि पुढे काही वर्षांत आपोआप विरतो. रक्तवाहिन्यांची विकृती जन्मापासूनच असते. ती मुलाबरोबर वाढते, विरत नाही. नाव चुकलं की उपचारही चुकतो. फ्रान्समधल्या बोर्डो इथे क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांच्या पथकाला हृदयविकारासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने बाळाचा हिमॅन्जिओमा मऊ पडताना दिसला. 2008 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि असंख्य बाळांची सुरी टळली. शिरांच्या विकृतीवर मात्र शिरा आक्रसवणारं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया लागते.

खरी परीक्षा, ही विकृती जबड्याच्या हाडात असते तेव्हा. एक्स-रेवर साबणाच्या फेसासारखी छाया दिसते. ती साध्या गाठीचीही असू शकते. म्हणून तुकडा काढण्याआधी सुई घालून पाहायची. सिरिंज लालभडक रक्ताने आपसूक भरू लागली, की बायोप्सी तिथेच थांबवायची.

मग अँजिओग्राफी होते. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी गाठीपर्यंत नेऊन रक्ताच्या वाटा बुजवतात आणि सहसा 24 ते 72 तासांत शस्त्रक्रिया करतात. उशीर झाला तर रक्त नव्या वाटा शोधतं. पूर्वी मानेतली बाह्य कॅरोटिड धमनी बांधत. तेव्हा रक्त दुसऱ्या बाजूने यायचंच, वर पुढे नळी न्यायची वाटही बंद व्हायची.

अशा विकृतीवरचा दात नकळत उपटला गेला आणि रक्ताची धार लागली, तर तोच दात पुन्हा खाचेत बसवून घट्ट दाबून धरतात; तेवढ्याने शस्त्रक्रियागृह गाठायला वेळ मिळतो.

हिरडीतून कारणाशिवाय रक्त येत असेल, दात बोटाने दाबल्यावर आत जाऊन पुन्हा वर येत असेल किंवा त्यात ठोके जाणवत असतील, तर दात काढायला बसण्याआधी डॉक्टरांना तेवढं जरूर सांगा.