लक्षद्वीप : जाण्यापूर्वी पायाखालचं पाणी

'लक्षद्वीपला निघालोय, काय काय बघावं?' असं आम्हाला हल्ली बरेच जण विचारतात. आमचं उत्तर असं की, बघण्याआधी थोडं समजून घेऊ.

सुरुवात नावापासून करू. 'लक्ष' म्हणजे लाख. पण बेटं नोंदीप्रमाणे 36 आणि वस्ती फक्त 10 बेटांवर. हा केंद्रशासित प्रदेश झाला 1956 साली, आणि 'लक्षद्वीप' हे अधिकृत नाव मिळालं 1973 साली. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या होती 64,473. आणि सगळी जमीन एकत्र केली तरी सुमारे 32 चौरस किलोमीटर! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या निम्मीसुद्धा नाही.

कोचीहून जहाजानं साधारण 14 ते 18 तास लागतात. विमानानं जायचं तर अगत्तीला उतरायचं. बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना आधीच काढावा लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा ते महिने टाळावेत. बहुतेक बेटांवर मल्याळम चालते, मिनिकॉयला मात्र महल. ती मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण.

आता मुख्य मुद्दा. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. मग माणसं शतकानुशतकं प्यायली काय? पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर. भिंगासारखा हा पातळ थर म्हणजेच तिथली विहीर. पंप लावून जास्त उपसा केला, की खालचं खारं पाणी वर चढतं. शौचालयाचं पाणी वाळूत मुरलं, तर तेही त्याच थरात जातं. दुसरा थर आणायचा कुठून?

कवरत्तीला 2005 साली एक संयंत्र बसलं. समुद्राच्या पृष्ठभागावरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होतं, आणि सुमारे 350 मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्यानं त्या वाफेचं गोडं पाणी होतं. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. युक्ती सुंदर आहे, पण खोलातलं पाणी खेचायला वीज लागतेच ना!

म्हणून तिथं जाल तेव्हा आंघोळ बादलीभर पाण्यात उरकावी, प्लास्टिक परत आणावं, आणि प्रवाळ किंवा शिंपले पिशवीत घालू नयेत. तो गुन्हा आहे. शिवाय ती वाळू त्या प्रवाळाचीच बनलेली आहे.

आपण पाहुणे म्हणून जातो. यजमानाच्या घरी रांजण एकच आहे, हे ठाऊक असलेला पाहुणा तांब्या जरा बेतानं बुडवतो. आमचं सांगणं एवढंच.