पाण्यावरची यंत्रं : भाग ६ – रस्त्यावरचं इंजिन दर्यात

१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे दोन महिने. थळच्या कोळीवाड्यात या दिवसांत मासेमारी थांबते, काम थांबत नाही. बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात आणि एखाद्या बोटीतलं इंजिन चेन-ब्लॉकला लटकून बाहेर येत असतं. नारळी पौर्णिमेनंतर उंदेरी-खांदेरीच्या खडकांजवळून बाहेर पडताना इंजिन साथ देणार की नाही, हे याच दिवसांत ठरतं. जुनं इंजिन बाद झालं आणि नव्या मरीन इंजिनाचा भाव ऐकला की नाखवाच्या मनात पहिला विचार येतो तो ट्रकच्या इंजिनाचा. आपल्या किनाऱ्यावर अशोक लेलँडची ट्रकच्या घराण्यातली इंजिनं वर्षानुवर्षं बोटींत चालत आली आहेत, तेव्हा विचार चुकीचा नाही. पण रस्त्यावरचं इंजिन पाण्यावर आणताना नेमकं काय काय बदलावं लागतं, हे नीट समजून घेतलं पाहिजे. आजचा भाग त्यासाठी.

सुरुवात थोडी लांबून करतो. डिस्कव्हरी वाहिनीवरची ‘बेरिंग सी गोल्ड’ ही मालिका अनेकांनी पाहिली असेल. अलास्कातल्या नोम गावच्या किनाऱ्यावर १८९९ मध्ये वाळूत सोनं सापडलं, आणि आजही तिथे लोक लहान-मोठ्या ड्रेजवरून समुद्रतळ उपसतात. यातल्या कित्येक ड्रेज जुन्या घेऊन, सुट्या भागांतून पुन्हा उभ्या केलेल्या असतात. मूळ इंजिन मोडीत गेलेलं, त्या जागी गाडीचं इंजिन बसवलेलं. ड्रेजची रचना साधी आहे. दोन तरंगते पोंटून, वर इंजिन आणि पंप. पंप स्वच्छ पाणी ओढतो आणि जोरदार धारेने सक्शनच्या नळीत सोडतो. त्या धारेमुळे मागे ओढ तयार होते आणि तळाची वाळू-खडी नळीतून वर येते. दगड पंपातून जातच नाहीत, म्हणून पंपाचा पंखा झिजत नाही. वर आलेला गाळ आडव्या पट्ट्या ठोकलेल्या पन्हळीवरून वाहतो. सोनं पाण्याच्या १९ पट जड, गारगोटी जेमतेम अडीच पट. सोनं पट्ट्यांआड बसतं, वाळू पुढे निघून जाते. गोंदिया-भंडाऱ्याकडचे सोनझारी लाकडी पाटीत नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे करत आले, ते याच फरकाच्या आधारे.

नोमच्या ड्रेजवर तळाशी पाणबुड्या असतो आणि त्याला श्वासाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही बहुधा त्याच इंजिनावर चालतो. इंजिन बंद पडलं की टाकीत उरलेल्या हवेवर त्याला वर यावं लागतं. इंजिनाचा धूर वाऱ्याने कॉम्प्रेसरच्या तोंडाशी गेला, तर विषारी वायू थेट त्याच्या छातीत. थळच्या बोटीवर पाणबुड्या नसतो. पण उधाणाच्या दिवशी उंदेरीच्या खडकांशेजारी इंजिन गप्प झालं, तर खलाशांचा जीव तितकाच टांगणीला लागतो. म्हणूनच मला हे दोन किनारे एका लेखात आणावेसे वाटले.

आता मुख्य मुद्दा. इंजिन निवडताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘किती एचपी?’ माझ्या मते तो दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न : हे इंजिन किती तास सलग, किती भार ओढू शकतं? शंभर एचपीची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाते, तेव्हा तिला प्रत्यक्षात २०-२५ एचपी पुरतात. चढ आला, ओव्हरटेक केलं, तर घटकाभर जास्त, उतारावर विश्रांती. पाण्यावर उतार नाही. पंखा किंवा पंप पहिल्या मिनिटापासून शेवटच्या तासापर्यंत तेवढंच ओढत राहतो. म्हणून एकाच इंजिनाला ट्रकमध्ये एक आकडा असतो आणि सलग चालवण्यासाठी दुसरा, कमी आकडा. बोटीसाठी दुसराच खरा धरायचा.

त्यातही पंखा आणि सेंट्रिफ्युगल पंप दोघांची एक सवय सारखी आहे. फेरे वाढवले की लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्के वाढवा, ताकद ३३ टक्के जास्त लागते. उलट फेरे २० टक्के कमी केले, तर जवळजवळ निम्म्या ताकदीत काम भागतं. रोजच्या फेरीत इंजिन कमाल फेऱ्यांच्या थोडं खाली चालवणारे तांडेल इंजिनाचं आयुष्य आणि डिझेल, दोन्ही वाचवतात ते यामुळे. ड्रेजवाल्यांचंही हेच. दिलेल्या पंपाला १,००० फेरे हवेत आणि इंजिन २,००० वर सुखाने चालतं, तर दोनास एक प्रमाणाची पुली लावायची. इंजिनाला पंपाच्या मागे फरफटवायचं नाही.

यानंतर उष्णता. अपयशाची बहुतेक मुळं इथे आहेत, म्हणून इथे जरा थांबू. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश शाफ्टवर मिळते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली एक तृतीयांश पाण्याला काढून न्यावी लागते. ट्रकमध्ये हे काम रेडिएटर करतो, कारण समोरून वारा येतो. बोटीच्या बंद खणात वारा कुठला? तिथे रेडिएटर ठेवला तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तेव्हा पाणी लागतं, समुद्राचं. पण समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलं तर बिडाला गंज चढतो, आणि पाणी ५५-६० अंशांपुढे तापलं की क्षारांचा थर बसून वाटा बुजायला लागतात. योग्य रीत ही की इंजिनात गोडं पाणी आणि कूलंट आपापलं फिरत राहील आणि हीट एक्स्चेंजरमधल्या नळ्यांतून खारं पाणी जाऊन त्याची उष्णता घेईल. नळ्यांशेजारी जस्ताची कांडी लावायची. गंज आधी तिला खातो, नळ्यांना सोडतो. ती संपत आली की बदलायची.

हिशेब घरीच मांडता येतो. इंजिन शाफ्टवर ६० किलोवॅट, म्हणजे ८० एचपी देत असेल, तर साधारण तेवढीच उष्णता पाण्यात जाईल असं धरा. खाऱ्या पाण्याचं तापमान १० अंश वाढू द्यायचं ठरवलं, तर मिनिटाला ९० लिटरच्या आसपास पाणी फिरायला हवं. आपला पंप एवढं देतो का, हे बादली आणि घड्याळ घेऊन मोजता येतं. या पंपातला पंखा रबराचा असतो. कोरडा चालला तर थोड्याच मिनिटांत त्याच्या पाकळ्या जळतात आणि तुकडे नळीत अडकतात. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं, उथळ जागी गाळ ढवळला जातो, प्लॅस्टिकच्या पिशव्या तर कायमच्याच. म्हणून गाळणीची जाळी हाताला येईल अशा जागी बसवा, वाकून, अंधारात, चार बोल्ट खोलून पोचावं लागेल अशा जागी नको. अवघड जागची जाळी कुणी रोज साफ करत नाही.

धुराची वाट दुसरी. धूर ४०० अंशांपुढे गेलेला असतो, आजूबाजूला लाकूड आणि डिझेल. नळीला उष्णतारोधक गुंडाळणं किंवा धुरात खारं पाणी मिसळून तो थंड करणं, हे दोन मार्ग. दुसऱ्या मार्गात नळीला वर जाऊन खाली येणारी मान द्यावीच लागते. ती नसेल तर बंद इंजिनात लाटेचं पाणी उलटं शिरतं, आणि पुढचा स्टार्टर मारला की पिस्टनच्या वर साचलेलं पाणी दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

गव्हर्नरकडे फार कमी लोक लक्ष देतात. गाडीत फेऱ्यांवर ताबा चालकाच्या पायाचा. बोटीत पाय नाही, एक लिव्हर लावून ठेवलेला असतो. लाटेवर नाळ खाली गेली, पंखा पाण्याबाहेर आला, किंवा ड्रेजच्या पंपात हवा शिरली, की भार एका क्षणात नाहीसा होतो आणि इंजिन किंचाळत वर चढतं. डिझेलच्या फ्युएल पंपात गव्हर्नर असतो, पण अनेक ट्रकमध्ये तो फक्त सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त फेरे सांभाळतो, मधले नाही. बोटीला सर्व फेऱ्यांवर लक्ष ठेवणारा गव्हर्नर हवा. फ्युएल पंप कॅलिब्रेशनला देताना त्या मिस्त्रीला ‘बोटीसाठी’ असं स्पष्ट सांगा. जुनं पेट्रोल इंजिन तर मी बंद खणात बसवूच नका म्हणेन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते, आणि एका ठिणगीची वाट पाहते. उघड्या ड्रेजवर, डेकच्या मोकळ्या हवेत, फोक्सवॅगन बीटलसारखं हवेने थंड होणारं पेट्रोल इंजिन चालू शकतं. आपल्या बोटीची गोष्ट वेगळी.

जोडणीकडे येऊ. पंखा बोटीला पुढे ढकलतो तेव्हा तो शाफ्टलाही पुढे ढकलतो. हा रेटा झेलायला ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये काहीही सोय नाही. मरीन गिअरबॉक्समध्ये थ्रस्ट बेअरिंग असतं, म्हणून तो वेगळा घ्यावाच लागतो. मग इंजिन आणि शाफ्टची सरळ रेषा. दोन्हीकडची कपलिंगची फ्लँज समोरासमोर आणायची, हाताने हलकेच भिडवायची आणि फिलर गेजची पाती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवून पाहायची. १५० मिलिमीटरच्या फ्लँजला चारही जागी मिळून फरक ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वर फट मोठी आणि खाली लहान, याचा अर्थ इंजिनाचं तोंड खाली झुकलंय. पुढच्या माउंटिंगखाली पत्रा सरकवायचा. मग पुन्हा पाती. आणि हे सगळं बोट पाण्यात उतरवल्यावर पुन्हा करायचं. जमिनीवर ठोकळ्यांवर टेकलेल्या लाकडी बोटीचा आकार तरंगताना किंचित बदलतो, आणि तो किंचित बदल स्टर्न ट्यूबमधली पॅकिंग आणि गिअरबॉक्सची बेअरिंग खायला पुरतो. किनाऱ्यावर ‘एकदम बरोबर’ बसवलेलं इंजिन पहिल्या फेरीत थरथरतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तेलाचंही बघा. इंजिन शाफ्टच्या उतारावर कायम तिरकं बसतं, त्यात बोट आडवी डोलते. ट्रकच्या सम्पमध्ये तेल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. तेलाचा दाब पडला किंवा पाणी तापलं तर वाजणारी घंटा बसवा. तिची किंमत बाकी खर्चात दिसणारही नाही.

जुनं इंजिन निवडताना टाटा ४०७, जुनी मॅटाडोर, महिंद्राच्या जुन्या डिझेल जीप यांतली यांत्रिक इंजिनं बरी. नव्या गाड्यांचं इंजिन संगणक आणि सेन्सरांशिवाय चालत नाही, आणि खारी हवा त्या जोडण्या आधी खाते. चालू करून दाखवलेलंच घ्या. तेलाच्या झाकणातून दम मारत असेल तर रिंगा गेल्या, निळा धूर म्हणजे तेल जळतंय, डिपस्टिकवर दुधासारखं तेल म्हणजे त्यात पाणी शिरलंय. ड्रेज किंवा तराफा असेल तर वजनही मोजा. २०० लिटरचं पिंप पूर्ण बुडालं तरी सुमारे १८० किलोच तोलतं, आणि सहा सिलिंडरचं ट्रकचं इंजिन पाचशे किलोच्या आसपास जातं.

हाच खटाटोप आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या कामासाठीही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. खाड्यांत जुन्या ट्रकची इंजिनं लावलेले सक्शन पंप रेती उपसतात. तिथे रेती पंपातूनच जाते, थेट बार्जमध्ये पडते. सोन्याच्या ड्रेजवर खडी पुन्हा पाण्यात जाते, इथे खडीच माल. खाडीचा तळ खोल गेला की काठ ढासळतात, खारेपाटातले बांध खचतात आणि भातशेतीत खारं पाणी शिरतं. थळपासून जवळच, किहीमला, २००४ मध्ये वाळूउपसा रोखू पाहणाऱ्या सुमायरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला. परवानगीशिवाय चालणारे पंप महसूल खातं जप्त करतं, नष्टही करतं. सोन्याची परंपरा असलेल्या कॅलिफोर्नियानेही २००९ मध्ये नद्यांतलं सक्शन ड्रेजिंग थांबवलं, कारण माशांची अंडी घालायची जागाच उपसली जात होती. मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्याने हे कारण मनावर घ्यावं. हे कौशल्य बोट चालवायला वापरा, खाडी उपसायला नको.

शेवटी एक कामाची गोष्ट. बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक आणि क्षमता लिहिलेली असते, आणि डिझेल परताव्याचं कामही नोंदणीवरच चालतं. इंजिन बदललं असेल तर खरेदीची पावती घेऊन आधी अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंद बदलून घ्या; ऑगस्टच्या गर्दीपर्यंत थांबू नका. पुढच्या आठवड्यात पंख्याचा व्यास आणि पीच कसा ठरवायचा ते पाहू. त्यासाठी आपल्या गिअरबॉक्सचं प्रमाण तेवढं लिहून ठेवा.