विश्वास असतानाही चिंता का वाटते? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘सारखी धास्ती वाटते, रात्री झोप लागत नाही,’ असं एखाद्याने प्रार्थनासभेत सांगितलं, की ‘विश्वास वाढवा, सगळं ठीक होईल’ हा सल्ला ठरलेला. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण मुळात त्रासात असलेला माणूस वर अपराधीपणा घेऊन घरी जातो. या सल्ल्यामागचे समज बायबलच्या कसोटीवर टिकत नाहीत आणि वैद्यकशास्त्राच्याही नाहीत.

गैरसमज : चिंता वाटते म्हणजे विश्वास कमी पडतो.

वस्तुस्थिती : यासाठी हमखास पुढे केला जातो तो पौलाने फिलिप्पैकरांना केलेला उपदेश : चिंता सोडा आणि आपलं मागणं देवापुढे मांडा. हे पत्र पौलाने कैदेतून लिहिलं. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो मरता मरता वाचलेल्या एपफ्रदीताबद्दल लिहितो. याला तुमच्याकडे परत पाठवतो आहे, म्हणजे माझ्याही जिवाचा घोर कमी होईल, असा त्या मजकुराचा आशय. उपदेश करणाऱ्यालाही घोर होता आणि तो त्याने झाकून ठेवला नाही. खुद्द येशू अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला आणि त्याने शिष्यांना आपल्यासोबत जागं राहायला सांगितलं.

गैरसमज : देवाची सेवा करणाऱ्यांना असा त्रास होत नाही.

वस्तुस्थिती : चार्ल्स स्पर्जन हे लंडनचे नामांकित बाप्टिस्ट उपदेशक. 19 ऑक्टोबर 1856 रोजी सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये त्यांची उपासना सुरू असताना आग लागल्याची खोटी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत 7 जणांचा जीव गेला. स्पर्जन तेव्हा 22 वर्षांचे होते. या धक्क्याने ते पार खचले. पुढेही त्यांना खिन्नतेने वारंवार गाठलं. पाळक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांसमोर ते याविषयी उघडपणे बोलत.

गैरसमज : गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं.

वस्तुस्थिती : ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19वा अध्याय सावकाश वाचावा. ईजबेलच्या धमकीने घाबरलेला एलीया रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि तिथेच झोपी जातो. देवदूत येतो तो त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं त्याच्या उशाशी असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ ही देवाची विचारणा त्यानंतर, होरेब डोंगरावर होते. आधी शरीराची काळजी, मग बोलणं.

ख्रिस्ती परंपरेला एकंदरीत वैद्यकाचं वावडं नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलने 1894 मध्ये रुग्णसेवा सुरू केली. चिंताविकारावर समुपदेशन आणि औषधं दोन्ही उपयोगी पडतात. त्यासाठी सहसा पहिल्यांदा दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र त्या मनाने अचानक बंद करू नयेत. झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस घ्याव्यात.

गैरसमज : छातीत धडधड, हातपाय थरथरणं, ही बाहेरची बाधा.

वस्तुस्थिती : हा पॅनिक अटॅक असू शकतो. तो काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. पहिल्यांदाच असं झालं तर हृदयाची तपासणी जरूर करून घ्यावी. मत्तयाच्या चौथ्या अध्यायातही भूतग्रस्त आणि आजारी यांची नोंद वेगवेगळी आहे. कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे भूत काढण्याच्या विधीपूर्वी हा आजार तर नाही ना, याची खात्री करावी लागते आणि बिशपांची परवानगीही लागते.

गैरसमज : उपचार सुरू झाले, आता प्रार्थनेचं काय काम?

वस्तुस्थिती : 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक इटालियन अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅटिन भाषेतली रोझरी म्हणताना श्वासाचा वेग मिनिटाला साधारण 6 वर येतो, असं त्यात आढळलं. योगमंत्र म्हणतानाही तसंच घडलं. संथ श्वासाने शरीराचा ताण उतरतो. शिवाय 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं हा निव्वळ आक्रोश आहे. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. देवापुढे रडायला, भांडायलाही मुभा आहे, हे त्यातून कळतं. उपचारांना प्रार्थनेची अशी साथ मिळते. त्यांची जागा मात्र ती घेत नाही.

आठवडे उलटूनही झोप आणि भूक ताळ्यावर येत नसेल, कामात मन लागत नसेल, तर पाळकांशी किंवा फादरांशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांचीही वेळ घ्या. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर उद्याची वाट पाहू नका. आत्ताच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बोलवा.