जोडीचा इलिश

सण देवघरात जेवढे साजरे होतात, तेवढेच ते स्वयंपाकघरातही साजरे होत असतात. एखाद्या कुटुंबाची परंपरा जाणून घ्यावयाची असेल, तर सणाच्या दिवशी त्या घरच्या चुलीवर काय शिजते आणि ते शिजण्याआधी घरातील वडीलधारी माणसे कशाचा आग्रह धरतात, हे पाहावे. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात एका बंगाली कुटुंबाच्या घरी वसंतपंचमीला जाण्याचा योग आला, तेव्हा या गोष्टीची आम्हांस चांगलीच प्रचीती आली.

गडचिरोलीत बंगाली कुटुंब कसे, असे काही वाचकांच्या मनात येईल. फाळणीनंतर पूर्व बंगालातून लक्षावधी माणसे भारतात आली. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९५८ साली दंडकारण्य प्रकल्पाची स्थापना झाली. मध्य भारतातील अरण्यप्रदेशात निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात मोडणाऱ्या या भागातही काही कुटुंबे वसविण्यात आली. आज त्यांची नातवंडे मराठी शाळेत शिकतात, बाजारात मराठी बोलतात आणि घरी आजीशी बंगाली बोलतात.

आम्ही ज्यांच्या घरी गेलो होतो, त्या घरातील आजी मूळच्या बारिसालच्या. १९६४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्या आईवडिलांबरोबर सीमा ओलांडून आल्या. रायपूरजवळच्या माना छावणीत काही काळ काढून मग या गावी स्थिरावल्या. बारिसाल म्हणजे नद्यांचा मुलूख. तेथून येताना घर, शेत, होडी सारे मागे राहिले. बरोबर आला तो सरस्वतीपूजेच्या दिवशी इलिश माशांची जोडी घरात आणण्याचा कुळाचार.

इलिश म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील बाजारात ज्याला पाला म्हणतात तो मासा. सिंधमध्ये तो पल्ला, आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाकडे पुलसा. त्याचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यात, वाढ समुद्रात. पूर्ण वाढ झाली की अंडी घालण्यासाठी तो पुन्हा नदीत शिरतो आणि प्रवाहाविरुद्ध दूरवर चढत जातो. गंगेवर फराक्का येथील धरण १९७५ साली सुरू होण्यापूर्वी तो पार अलाहाबादपर्यंत पोचत असे. गोदावरीत मात्र राजमहेंद्रीजवळच्या दवलेश्वरम बंधाऱ्याशी त्याची वाट संपते. वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता याच जिल्ह्याच्या सीमेवरून वाहत जाऊन सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. आजींनी हे नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकातून ऐकले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे आमच्या गावचे पाणी इलिशला भेटते, इलिश तेवढा आम्हांला भेटायला येत नाही!"

पूर्व बंगालातील अनेक कुटुंबांत असा नेम आहे की, विजयादशमीला किंवा कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला इलिश खाल्ला की पुढे माघ शुद्ध पंचमीपर्यंत तो घरात आणावयाचा नाही. सुमारे चार महिन्यांचे हे व्रत. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास हा मासा मोठ्या प्रमाणावर अंडी घालतो, एकेक मादी लाखांनी. त्यानंतरच्या महिन्यांत नदी पिलांनी भरलेली असते. पूर्वजांनी या नेमाला शास्त्राचे नाव दिले नव्हते, परंतु भरलेल्या नदीला हात लावू नये एवढे शहाणपण त्यात खचित होते.

पंचमीच्या दिवशी सकाळी मुलांनी आपली पुस्तके सरस्वतीच्या मूर्तीपुढे ठेवली. त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. घरातील सर्वांत धाकट्या मुलाच्या हाती पाटी देऊन पहिले अक्षर गिरवून घेण्यात आले. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजणाऱ्या मराठी माणसाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. पूजा आटोपली आणि सर्वांचे डोळे दाराकडे लागले. मोठा मुलगा आदल्या दिवशीच नागपूरला गेला होता. दुपारच्या सुमारास तो बर्फाची पेटी घेऊन आला. सूनबाईंनी सूप पुढे केले. त्यात धान, दूर्वा, हळद आणि कुंकू मांडलेले होते. माशांची जोडी घरात येते ती नवरा-नवरीसारखी, हळदकुंकू लावून, उलुध्वनी करून. मग कापण्यापूर्वी काढलेल्या खवल्यांपैकी काही खवले घराच्या मधल्या खांबाशी पुरावयाचे, म्हणजे घरात लक्ष्मी नांदते, अशी या घरची समजूत.

पेटी उघडली. आजींनी एक मासा हातात घेतला, दुसरा घेतला आणि दोन्ही पुन्हा बर्फावर ठेवले.

"हे काय आणलेस?"

"इलिशच आहे, मा. मोठ्या माशांचा भाव ऐकून मीच थंड झालो. दोन मोठे घ्यायचे तर महिन्याचा किराणा झाला नसता."

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या नातीने मोजपट्टी आणली. एक मासा एकोणीस सेंटिमीटर भरला, दुसरा त्याहूनही लहान. ती म्हणाली, "ठाकुमा, पश्चिम बंगालमध्ये तेवीस सेंटिमीटरहून लहान इलिश पकडायला २०१३ पासून बंदी आहे. बांगलादेशातही असाच कायदा आहे. हा समुद्रात पोचलासुद्धा नव्हता."

मुलगा काहीसा चिडून म्हणाला, "आता तर मेलेलेच आहेत ना? आपण नाही घेतले, तर दुसरा कोणी घेईल. वर्षातला एक दिवस. तुझ्यासाठीच तर गेलो होतो!"

घरात शांतता पसरली. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. आजींचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले. असे किती सण त्यांच्या वाट्याला यायचे, हा विचार त्याच्या मनात असणार, आणि सर्वांच्याच मनात असणार. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या, "बाबा, तू गेलास, पैसे घातलेस, मला सगळे पावले. पण ही पोरे आहेत. पोरांचे लग्न मी माझ्या घरात लावणार नाही."

त्यांनी नातवाला परसात पाठविले. तो दोन जांभळी, देठासकट वांगी घेऊन आला. बारिसालमध्ये ज्या वर्षी हात आखडलेला असे, त्या वर्षी त्यांची आई एका माशाच्या जोडीला वांगे ठेवी. आज दोन्ही जागी वांगीच बसली. त्यांनाच हळदकुंकू लागले, त्यांच्यासाठीच उलुध्वनी झाला. गावच्या तळ्यातला रोहू शेजाऱ्यांकडून आला. विळीवर त्याच्या फोडी झाल्या. आपल्याकडे विळीवर बसून चिरतात, तशीच बंगाली गृहिणी आपल्या 'बोंटी'वर बसून मासा कापते. कांदालसणाचा स्पर्श नाही. मोहरीच्या तेलात कलौंजीची फोडणी, हळद, हिरव्या मिरच्या, वांग्याच्या लांबट फोडी आणि पातळ रस्सा. पाककृती इलिशची, मासा रोहू. आणलेले लहान मासे टाकण्यात आले नाहीत. अन्न टाकणे आजींना मान्य नव्हते. ते दुसऱ्या दिवशी साधेपणाने शिजवून मुलांना वाढावयाचे ठरले. पूजेच्या पानात मात्र त्यांना जागा मिळाली नाही.

पंगत बसली, तेव्हा मुलगा गप्पच होता. आजींनी रोहूचे डोके त्याच्या पानात वाढले. घरच्या कर्त्या पुरुषाचा तो मान. त्याने एक घास घेतला आणि म्हणाला, "चव तीच आहे, मा." आजी हसल्या. "नाही रे, तीच नाही. पण हात तोच आहे."

जेवणानंतर अंगणात सगळे बसले असता नातीने एक हिशेब मांडला. दरमहा थोडे पैसे बाजूला ठेवले, तर वर्षाकाठी एक पूर्ण वाढीचा मासा घेणे अवघड नाही. दोन नकोत, एकच आणावा आणि त्याच्या जोडीला परसातले वांगे ठेवावे. पूर्ण वाढीचा मिळाला नाही, तर दोन्ही वांगी. सूनबाईंनी त्याच संध्याकाळी फळीवरचा एक रिकामा डबा पुसून त्यासाठी वेगळा काढला. त्यात पहिले नाणे टाकले ते मुलाने.

परंपरा टिकवावयाची म्हणजे आजोबा-आजींनी जे केले तेच जसेच्या तसे करीत राहावयाचे, असे आपण समजतो. परंतु आजोबा-आजींनी ते का केले, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य बहुधा होत नाही. ज्या नेमाचा जन्म संयमातून झाला, तो पाळण्यासाठी नदीतली पिले संपविली, तर नेम राहील आणि मासा जाईल. आणि मासा गेल्यावर नेम तरी कितीसा राहणार? आपल्या कोकणातही पावसाळ्यात समुद्रास विश्रांती देऊन नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करण्याची चाल आहे. तिच्या मुळाशीही हेच शहाणपण आहे.

निरोप घेताना आम्ही आजींना विचारले, "बारिसालची आठवण आली असेल ना आज?"

त्या खांबाकडे पाहत म्हणाल्या, "येते तर. या खांबाशी कितीतरी वर्षांचे खवले आहेत. या वर्षी रोहूचे पुरले. लक्ष्मीला काय, ती खवल्याची जात विचारत नाही."